निरभ्र दिवसाची सावली

१

सकाळी ऑफिसात पोचल्यावर माझं पहिलं काम म्हणजे डिह्युमिडिफायरची बादली रिकामी करणं. प्रिन्स्टन जंक्शनच्या स्टेशनाजवळ एका बैठ्या इमारतीच्या तळघरात आमचं ऑफिस होतं. तळघरात हवा दमट, आणि दमट हवेत फोटोंचे कागद फुगतात. दुसरं काम, मऊ फडक्याने भिंगं पुसणं. तिसरं, जगन्नाथ काकांचं 'आमच्या वेळी' ऐकून घेणं.

काका माझे साहेब होते आणि घरमालकही. वेस्ट विंडसरमधल्या त्यांच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली होती, त्यामुळे 'आमच्या वेळी' सकाळी गाडीत सुरू व्हायचं आणि रात्रीच्या भाताबरोबर संपायचं. पुण्याची एम.एस्सी., इथली मास्टर्स, आणि हातात बादली. १९८६ साल होतं. मी चोवीस वर्षांची होते आणि माझ्याकडे वेळ फार कमी आहे असं मला वाटायचं.

काम मात्र मला आवडायचं. पॅसिफिकमध्ये, हवाईच्याही पुष्कळ पलीकडे, अमेरिकेच्या मालकीचं एक छोटंसं बेट होतं. एका टोकाला हवामान केंद्र आणि धावपट्टी, बाकी सगळं जंगल. किनाऱ्याला झुडपं, त्यामागे नारळ, आणि मधोमध पिसोनिया नावाच्या उंच, मऊ लाकडाच्या झाडांचं दाट रान. विमानातून काढलेले फोटो बघून त्या जंगलाचा नकाशा करायचा, कुठे कोणती झाडं ते दाखवायचं, हे आमचं कंत्राट.

विमान एक फोटो काढतं, थोडं पुढे जातं, दुसरा काढतं. एकच जंगल दोन जागांवरून. ते दोन फोटो स्टिरिओस्कोप नावाच्या दुहेरी भिंगाखाली शेजारी ठेवायचे. डावा डोळा एक बघतो, उजवा दुसरा, आणि क्षणभराने ते सपाट करडे कागद उठून उभे राहतात. नारळ चांदण्यांसारखे, पिसोनिया फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. दुपारभर त्या शेंड्यांवरून तरंगत राहिलं की डोळे काढल्यावर ऑफिसच सपाट वाटायचं. काकांचा चेहरा, खुर्च्या, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं कागदाचं.

यात एक गंमत होती. दोन फोटोंच्या मधल्या काही सेकंदांत जी वस्तू हलते, ती जागेवर बसत नाही. विमानाच्या समोरून येणारी जीप हवेत तरंगताना दिसते, विमानाबरोबर जाणारी जमिनीत बुडालेली. धावपट्टीवर अशी एक तरंगती जीप होती. नवीन माणसाला आम्ही ती दाखवायचो.

२

नकाशावर पिसोनियाच्या रानात काकांनी एक डाग काढला होता. आत त्यांच्या बारीक, सुबक अक्षरात लिहिलं होतं: ढगाची सावली.

आमच्यात ही रीत आहे. ढगाच्या सावलीखाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून तिथे अंदाज करायचा नाही. सावली लिहून मोकळं व्हायचं. जंगलात प्रत्यक्ष जाऊन तपासणारा माणूसही सावलीकडे जात नाही, कारण तपासायला आपण काही म्हटलेलंच नसतं.

फक्त त्या दिवशी आकाशात ढग नव्हता. मी सगळे फोटो पुन्हा पाहिले. समुद्रावर नव्हता, बेटावर नव्हता.

"काका, इथे सावली कसली?"

"ढगाची."

"ढग कुठाय?"

"ऑफिसात काका म्हणू नकोस," ते म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करायला लागले.

मी तो भाग भिंगाखाली घेतला. साधीच झाडं होती, आजूबाजूसारखीच. फक्त ती बसत नव्हती. बाकीच्या शेंड्यांपेक्षा थोडी वर, एखादं झाकण किंचित उचलून धरावं तशी.

मी स्वतःला समजावलं. वारा असेल, एका बाजूने फांद्या झुकल्या असतील. कागद फुगला असेल. मी दुसऱ्या रांगेतले फोटो काढले. विमान शेत नांगरल्यासारखं उडतं, एकदा पूर्वेकडे, मग वळून पश्चिमेकडे. पहिल्या खेपेला वाऱ्याने जे तरंगलं, ते उलट खेपेला बुडायला हवं.

ते बुडालं नाही. उलट्या खेपेलाही वरच होतं, आणि झाडं उंच म्हणावीत तर त्यांची पडछाया लांब नव्हती. म्हणजे विमान कुठूनही येवो, ते विमानाच्या दिशेने सरकत होतं.

मी भिंगावरून डोळे काढले. काका माझ्याकडेच बघत होते.

"जुन्या फोटोंतही तसंच आहे," ते म्हणाले. "मी पाहिलंय."

"मग लिहा ना तसं. अनक्लासिफाइड, ओळख पटली नाही, असं लिहा. प्रश्नचिन्ह काढा. सावली हे खोटं आहे."

"प्रश्नचिन्ह काढलं की कोणीतरी बघायला जातं, सुनेत्रा. सावलीत कोणी जात नाही."

मला त्या क्षणी भयंकर राग आला. ह्या पिढीचं सगळं असंच, असं वाटलं. समजत नसेल ते झाकून ठेवायचं आणि त्याला अनुभव म्हणायचं.

३

बघायला जाणारा होता शैलेंद्र. नागपूरचा, जंगलशास्त्रात पीएच.डी. करणारा, आमच्या कंत्राटावर उन्हाळ्यापुरता घेतलेला. डिसेंबरात आम्ही कोर्टात लग्न करणार होतो. घरी दोघांनीही कळवलं नव्हतं. काकांना माहीत नव्हतं. सुमित्रा काकूंना सांगितलं नव्हतं, पण त्यांना माहीत होतं.

"तो जावई इथे जेवायला येतो तेव्हा त्याच्या वाट्याची कोशिंबीर तुझ्या ताटात असते," काकू म्हणाल्या. "मी डोळे मिटून नाही वाढत."

तो निघायच्या आदल्या दिवशी जेवायला आला होता. काकूंनी त्याला बेसनाच्या वड्यांचा डबा दिला. टेबलावर त्याने त्याचं सामान दाखवलं. त्यात पांढऱ्या जाड कापडाच्या घड्या होत्या. जंगलातल्या ठरावीक जागांवर मोकळी जमीन बघून त्या फुलीसारख्या पसरायच्या. तो तिथे असतानाच नवं विमान फोटो काढणार होतं. फोटोत पांढरी फुली दिसली की नकाशा नेमका बसवता येतो.

"यार, एवढी मोठी फुली, आणि वरून दिसणार तिळाएवढी," तो म्हणाला.

ज्या जागी जायचं तिथे फोटोला टाचणीने भोक पाडायचं आणि मागच्या बाजूला काय तपासायचं ते लिहायचं, ही आमची पद्धत. काकांनी त्यांची भोकं पाडून गठ्ठा दिला होता. काका हात धुवायला गेले तेव्हा मी तो गठ्ठा उघडला, सावलीच्या मधोमध टाचणी टोचली, आणि मागे लिहिलं: इथे काय आहे?

"बॉसला चालेल?" शैलेंद्रने हळूच विचारलं.

"बॉसला भीती वाटते."

"कशाची?"

"चुकीचं ठरायची."

काकूंनी भांडी उचलता उचलता आमच्याकडे पाहिलं.

४

बेटावरून फोन यायचा तो हवामान केंद्रातून, उपग्रहावरून. इथे दुपार असली की तिथे सकाळ. आवाज पोचायला वेळ लागायचा. मी बोलायचे, मग माझंच बोलणं पुसटसं मला परत ऐकू यायचं, मग त्याचं उत्तर.

"सुनू, तू हे बघायला हवं होतंस यार. खोडं म्हणजे हत्तीचे पाय. बोटाने दाबलं तर आत जातं. फांदी पडली की तिथेच मुळं धरते आणि नवं झाड. आख्खं जंगल असं लोळत लोळत पुढे सरकलंय."

"आणि पक्षी?"

मधला खंड. माझा आवाज परत आला: आणि पक्षी.

"पक्षी भरपूर. काळे. खालून नुसती पोटं दिसतात आणि डोक्यावर शिटतात. झाडाच्या बिया इतक्या चिकट की पंखांना लागल्या तर पक्षी उडू शकत नाही. खाली हाडं पडलीत. तशी शांत जागा आहे. दुसरं काही उगवतच नाही खाली. झाडून घेतल्यासारखी जमीन."

"टाचणीच्या जागी गेलास?"

"उद्या. शेवटची फुली तिथेच टाकतो. परवा फोटोंची फ्लाइट आहे ना?"

"सांभाळून जा."

"काकांसारखं बोलू नकोस," तो म्हणाला, आणि लांबून, उशिरा, त्याचं हसू आलं.

५

पुढचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एकटी होते. काका बँकेत गेले होते. तळघराच्या वरच्या चिंचोळ्या खिडकीतून गवतावरचं ऊन दिसत होतं. न्यूयॉर्कची गाडी जाऊन पुन्हा शांत झालं होतं.

"सुनेत्रा," शैलेंद्र म्हणाला.

"अरे, आज लाइन किती क्लिअर आहे."

"हो."

मध्ये काहीच वेळ गेला नाही. तो जणू टेबलापलीकडे बसला होता.

"फुली टाकलीस?"

"छान बसली आहे."

"आणि काय आहे तिथे? नक्की काय आहे?"

"झाडंच आहेत." त्याचा आवाज झोपेतून उठलेल्या माणसासारखा मऊ होता. "इथे फार बरं वाटतं. ऊन सगळीकडे सारखं पडतं. पक्षी ओळीने बसलेत. प्रत्येकाच्या डोक्यावर एक पांढरी टोपी आहे, तुला माहीत होतं?"

"पुस्तकात वाचलंय."

"वारा आला की सगळ्या टोप्या एकदम वळतात. तू ये."

"मी? तिकीट कोण देणार?"

तो हसला नाही. "ये," एवढंच म्हणाला, आणि फोन बंद झाला.

मी खुशीत होते हे मला आठवतं. काका आले तेव्हा त्यांनी कोट काढायच्या आतच मी त्यांना ऐकवलं. "शैलेंद्र सावलीत जाऊन आला. झाडंच आहेत म्हणाला. साधी झाडं."

काकांनी कोट काढलाच नाही. "तू पाठवलंस त्याला?"

"कोणीतरी पाठवायलाच हवं होतं."

"फोन कुठून होता?"

"केंद्रातून. दुसरा फोन आहे का त्या बेटावर?"

ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ कोटाच्या गुंड्यांशी चाळा करत राहिले. मी त्यांना विचारू शकले असते. मी रेडिओ लावला.

६

नवे फोटो कुरियरने आले. मी पाकीट फोडलं आणि काका माझ्या समोर, खालून दिवा लागणाऱ्या आमच्या काचेच्या टेबलाच्या पलीकडे येऊन बसले.

किनाऱ्यावरची फुली लगेच सापडली. वाळूत सपाट, नीट. नारळातली फुली दोन झावळ्यांच्या मधून दिसली, खोल, जमिनीवर. मग मी पिसोनियावर आले. फ्लॉवरचे गड्डे हळूहळू उठले, आणि त्यांच्या मधोमध मला पांढरं काही दिसलं.

ते खाली नव्हतं. शेंड्यांच्याही वर होतं. जंगलाचं छत आणि माझा डोळा यांच्यामध्ये, कशालाही न टेकलेली, चारही हात पसरलेली फुली.

वाऱ्याने कापड उडालं असेल, मी म्हटलं. फांदीला अडकून फडफडत असेल. मी उलट्या खेपेचे फोटो लावले. जोडी जुळायला वेळ लागला. जुळली, आणि ती माझ्या आणखी जवळ आली.

तेव्हा मला टोप्या आठवल्या. उंच झाडांखाली उभ्या असलेल्या माणसाला पक्ष्यांची पोटं दिसतात. डोक्यावरची टोपी दिसायची तर वर असावं लागतं. पक्ष्यांच्याही वर.

"काका," मी म्हटलं. ऑफिस होतं, पण या वेळी त्यांनी मला टोकलं नाही.

फोन वाजला. हवामान केंद्रातला माणूस होता. तोच पुसट आवाज, तेच थांबणं, माझाच हॅलो मला परत. तो इंग्रजीत माफी मागत होता. अँटेना बिघडली होती, आज सकाळीच लाइन सुरू झाली, त्याआधी कळवता आलं नाही. तुमचा माणूस शेवटचं कापड घेऊन रानात गेला तो परत आलेला नाही. आम्ही शोधतोय. जमीन अगदी स्वच्छ आहे तिथे, पावलं दिसतात. एका ठिकाणापर्यंत आहेत.

"तो माझ्याशी फोनवर बोललाय," मी म्हटलं. "त्यानंतर. तुमच्याकडून."

मधला खंड. माझे शब्द परत आले.

"मॅडम, इथून कोणीच बोललेलं नाही. लाइनच नव्हती."

मी रिसीव्हर ठेवला. काकांना काही सांगावं लागलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"माहीत असतं तर लिहिलं असतं." त्यांनी चष्मा काढला. "नुसतं दिसत होतं. प्रत्येक वर्षी थोडं जास्त वर. मला वाटलं, बघायला नाही गेलं तर राहील तिथेच."

"तुम्ही मला एक वाक्य सांगायचं होतं, काका. एक सरळ वाक्य."

"तू ऐकलं असतंस?"

मला उत्तर द्यायचं होतं. फोन पुन्हा वाजला.

७

"सुनेत्रा."

"शैलेंद्र, कुठे आहेस?"

"आहे ना."

"ते तुला शोधतायत. ओरड. त्यांना हाक मार."

"ते खाली आहेत," तो म्हणाला. "फार लहान दिसतात."

डिह्युमिडिफायर बंद पडला होता की मला ऐकू येत नव्हता, माहीत नाही. टेबलाच्या काचेखालून येणाऱ्या उजेडात माझे हात पांढरे दिसत होते. मी शक्य तितक्या शांतपणे बोलले. पण दमात घेऊन बोलले, मी त्याच्याशी नेहमी बोलते तशी.

"हे बघ. नकाशा गेला खड्ड्यात. तू परत यायचंस. आत्ताच्या आत्ता निघायचं. कळलं?"

"आलो," तो म्हणाला.

"चेष्टा नकोय मला. पायांकडे बघ. खाली बघ आणि मला सांग, पायांखाली काय आहे?"

मला त्याच्या तोंडून माती ऐकायची होती. पानं, हाडं, चिखल, काहीही. पानांची सळसळ होती, पण ती रिसीव्हरातून येत नव्हती.

"टेबल आहे," तो म्हणाला. "आतून दिवा लागलाय. त्यावर फोटो पसरलेत. तू वाकून बसलीयेस. एका बाजूला एक टक्कल पडलेला माणूस आहे. आज तुझा भांग वाकडा पडलाय."

मी हलले नाही. समोर काकांनी मान उचलली होती. त्यांना फोनवरचं ऐकू येणं शक्य नव्हतं. ते माझ्या डोक्याच्या थोडं वर बघत होते, जिथे आमच्या तळघराचं बुटकं छत सुरू होतं. चेहऱ्यावर भीती नव्हती. स्टेशनवर गर्दीत ओळखीचा माणूस दिसला की चेहरा होतो, तसा झाला होता.

"वर बघू नकोस," काका म्हणाले.

मी वर पाहिलं.

छताच्या जागी पानं होती. नेहमी दिसायच्या त्या शेंड्यांच्या पाठी नव्हेत, खालची बाजू. फिकट, शिरा उठलेल्या, एकावर एक, दूरवर वर गेलेल्या, आणि त्यांच्यातून गाळून येणारा दुधी उजेड. ते सगळं अतिशय सुंदर होतं. त्या उजेडात त्याचा चेहरा होता का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. हात होता. त्याचा उजवा हात, अंगठ्याच्या नखावर जुना काळा डाग असलेला. तो माझ्याकडे येत होता, पाण्यात बुडी मारणाऱ्याचा यावा तसा, सावकाश.

मी खुर्चीवर चढले. तिथून टेबलावर. पायाखाली काच कुरकुरली. अजून वीतभर हवं होतं. मला तो खाली हवा होता, बाकी काहीही नको होतं, आणि मी धरलं असतं तर सोडलं नसतं.

काकांनी माझ्या कमरेला मिठी घातली. त्या माणसात इतकी ताकद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"माझ्याकडे बघ," ते म्हणाले. ते रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. "सुनेत्रा, पोरी, एकदा. एकदा माझ्याकडे बघ."

मी खाली, त्यांच्याकडे पाहिलं.

नंतर मान वर केली तेव्हा ट्यूबलाइट होती, पाणी मुरून पिवळी पडलेली छताची चौकोनी फळी होती. रिसीव्हर टेबलावरून खाली लोंबत होता.

काकू म्हणतात, ह्यांनी तुला वाचवलं. असेल. मी आता डेव्हन ॲव्हेन्यूजवळ राहते, शिकागोत, दुसरं काम करते, आणि काकांच्या पत्रांना उत्तर देत नाही. मोठ्यांचं ऐकत नाही म्हणून आयुष्यभर बोलणी खाल्ली. एकदा ऐकलं, आणि तेवढ्या वेळात शैलेंद्र निघून गेला.